कवळीकाका आणि फोटोतले पट्टे

"सेन्सर गेलाय! दुसरं काही नाही," कवळीकाकांनी कॅमेरा हातभर लांब धरून निकाल दिला. "रविवारच्या आत बदलून देतो. तू निर्धास्त राहा."

कवळीकाका म्हणजे दातांच्या डॉक्टरांना कवळ्या तयार करून देणारे. एकतीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नव्हतं. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू आपल्या मागच्या खोलीतून बाहेर पडलंय, असं ते चारचौघांत सांगायचे, आणि ते फारसं खोटंही नव्हतं. एवढ्या नाजूक कामाला सरावलेल्या माणसाला कॅमेरा उघडणं म्हणजे काय!

कॅमेरा त्यांच्या धाकट्या भावाचा होता. बारा वर्षं जुना, भला मोठा, डिजिटल. भाऊ सुटीच्या दिवशी उडत्या पक्ष्यांचे फोटो काढायचा. दोन वर्षांपूर्वी एका मंगळवारी ऑफिसच्या खुर्चीत बसल्या बसल्या तो गेला आणि कॅमेरा कपाटात गेला. आता त्याची बायको, घरातली सगळ्यांची 'धाकटी', लेकीकडे कायमची राहायला निघाली होती. रविवारी सकाळी गाडी येणार होती. त्याआधी तिला एकच गोष्ट हवी होती.

"आपला सगळ्यांचा एक फोटो काढायचाय, दादा. ह्यांच्या कॅमेऱ्यानं. म्हणजे ह्यांनीच काढल्यासारखा होईल."

म्हणून तिनं सोमवारी संध्याकाळी दिवाणखान्यात खुर्चीवर बसलेल्या सासूबाईंचा एक फोटो काढून बघितला. फोटोत आडवे, काळपट पट्टे आले. डोक्यापासून पायापर्यंत, एकाखाली एक. शहाऐंशी वर्षांच्या आईंनी तो नाकाशी धरून बघितला आणि विचारलं, "मला तुरुंगात का घातलंय?"

तर असा हा पट्ट्यांचा मामला. काकांनी मंगळवारची अख्खी दुपार इंटरनेटवर वाचण्यात घालवली. जुन्या कॅमेऱ्यांचे सेन्सर, म्हणजे आतली ती चित्र टिपणारी काच, दमट हवेनं बिघडतात आणि मग फोटोत पट्टे येतात, असं एके ठिकाणी लिहिलेलं होतं. आपल्या मनातलंच छापून आलेलं बघितल्यावर पुढे वाचायची त्यांना गरज वाटली नाही.

बुधवारी सकाळी ते जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानात हजर! तिथं अगदी तसाच एक बंद पडलेला कॅमेरा होता. त्याचं शटर तुटलं होतं, पण सेन्सर धडधाकट होता.

"साहेब, तुमचा माझ्याकडे ठेवून जा. मी बघतो," दुकानदार म्हणाला.

"मी मिलिमीटरच्या दहाव्या भागात काम करतो," काका म्हणाले.

"ते ठीक आहे. पण आधी बाहेर उजेडात एखादा फोटो काढून..."

पुढचं वाक्य दुकानदारानं रिकाम्या पायरीला ऐकवलं. काका पैसे टेकवून, तो बंद कॅमेरा काखेत मारून केव्हाच रस्त्याला लागले होते.

मागच्या खोलीत त्यांनी मेणाचे गोळे, प्लास्टरचे जबडे, सगळं बाजूला सारलं. स्वच्छ कापड अंथरलं. दोन्ही कॅमेरे शेजारी शेजारी ठेवले. भावाचा कॅमेरा हातात घेतला तेव्हा त्यांना एक गोष्ट दिसली. उजव्या बाजूचं रबर अंगठ्याच्या जागी झिजून अगदी गुळगुळीत झालं होतं. काकांनी तिथं आपला अंगठा ठेवून बघितला. भावाचा अंगठा मोठा होता.  मग त्यांनी पहिला स्क्रू सोडवला.

एकवीस स्क्रू निघाले. सुटे दात ठेवायच्या खणाखणांच्या ट्रेमध्ये ते ओळीनं लागले. सेन्सरच्या तीन कोपऱ्यांखाली कागदाहून पातळ अशा तीन चकत्या निघाल्या, त्याही ट्रेमध्ये ठेवल्या. सगळं कसं शिस्तीत चाललं होतं. तेवढ्यात काकांचं बोट फ्लॅशच्या कुठल्याशा तारेला लागलं, आणि बंद करून ठेवलेल्या त्या कॅमेऱ्यानं त्यांना असा काही झटका दिला की ट्रे थेट छताला सलाम करून खाली आला!

स्क्रू सगळे सापडले. चकत्या दोनच सापडल्या.

काका गुडघ्यांवर आले. काकू टॉर्च घेऊन आल्या. पलंगाखाली, पायपुसण्यात, मेणाच्या डब्यात, सगळीकडे शोध सुरू झाला. नेमका तेव्हाच फोन वाजला आणि तो काकूंनी घेतला. फोन दातांच्या डॉक्टरांचा होता. त्यांनी एका निवृत्त न्यायाधीशांना नव्या कवळीचं माप द्यायला काकांकडे पाठवलं होतं, त्याची चौकशी करायची होती.

"काय, झालं का काम?" डॉक्टरांनी विचारलं.

काकूंच्या डोक्यात त्या क्षणी जगात एकच काम होतं. "कसलं होतंय! मघापासून उघडून ठेवलंय. आतलं सगळं टेबलावर काढलंय, आणि एक तुकडा सापडत नाही."

"तुकडा?"

"बारीक आहे हो. त्यात शॉक बसला."

"शॉक! अहो, त्यांना शुद्ध आहे ना?"

"आहेत आपले, जमिनीवर पडलेत पालथे."

पलीकडून फोन आपटल्याचा आवाज आला. दहाव्या मिनिटाला डॉक्टर स्कूटरवरून, एका हातात औषधांची बॅग घेऊन, जिना चढून धापा टाकत खोलीच्या दारात उभे राहिले. आत दोन माणसं रांगत होती. एक काका. दुसरे न्यायाधीश. ते पाच मिनिटांपूर्वीच येऊन पोचले होते, आणि काय हरवलंय हे कळल्यावर कोट काढून शोधाला लागले होते.

"तुम्हाला शॉक बसला ना?" डॉक्टरांनी न्यायाधीशांना विचारलं.

"मी फोधतोय," न्यायाधीश टेबलाखालून म्हणाले. त्यांच्या तोंडात दात नव्हते, पण आवाजात जरब होती. "टॉर्च इकडे द्या!"

डॉक्टरांनी बॅग खाली ठेवली, आणि तेही वाकले.

चकती काही मिळाली नाही. अखेर काकांनी दातांच्या कामातल्या पातळ धातूच्या पट्टीची हुबेहूब तशी चकती कापली. न्यायाधीशांचं माप घेतलं, सगळ्यांना चहा दिला, आणि गुरुवारी दुपारपर्यंत, आपल्या हिशेबानं, दुसऱ्या कॅमेऱ्याचा सेन्सर भावाच्या कॅमेऱ्यात बसवून एकविसावा स्क्रू आवळला. एकही स्क्रू उरला नाही, याचा त्यांना एवढा अभिमान वाटला की त्यांनी काकूंना रिकामा ट्रे आणून दाखवला.

"आई, इकडे बघ!"

आई खुर्चीत होत्याच. काकांनी बटण दाबलं.

पट्टे! तेच, तसेच, तेवढेच!

"अजून सोडलं नाही मला," आई शांतपणे म्हणाल्या.

काकांच्या कपाळावर घाम आला. मग त्यांना वाटलं, दोन्ही सेन्सर टेबलावर शेजारी होते, दिसायला जुळे भाऊ. आपण चुकून जुनाच तर परत बसवला नाही? त्यांनी पुन्हा एकवीस स्क्रू काढले. टेबलावरचा सेन्सर आत, आतला टेबलावर. पुन्हा एकवीस स्क्रू. पुन्हा आई. पुन्हा पट्टे!

शुक्रवारी सकाळी काका कॅमेरा घेऊन गॅलरीत जाऊन बसले. रविवार दोन दिवसांवर आला होता. धाकटीला काय सांगायचं याचा विचार करताना हाताला चाळा म्हणून त्यांनी समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरीचा फोटो काढला. बघितला. आणखी एक काढला.

चादर स्वच्छ होती. फोटोही स्वच्छ होता. एकसुद्धा पट्टा नाही!

ते तसेच दुकानात गेले. दुकानदारानं कॅमेरा फिरवून बघितला आणि विचारलं, "घरात दिवे नवीन लावलेत का?"

लावले होते. गेल्याच महिन्यात काकांनी स्वतः स्टुलावर चढून दिवाणखान्यात एलईडीची ट्यूब बसवली होती, आणि आठ दिवस तिचं कौतुक केलं होतं.

"स्वस्तातली ट्यूब सारखी लुकलुकते, साहेब. इतकी भराभर की डोळ्यांना कळत नाही. हा कॅमेरा उडत्या पक्ष्यांसाठी लावून ठेवलेला आहे. सेकंदाच्या हजाराव्या भागात फोटो घेतो. एवढ्याशा वेळात ट्यूब पेटते-विझते, त्याचे पट्टे दिसतात. परवा तेच सांगत होतो."

"म्हणजे सेन्सर..."

"ठणठणीत होता," दुकानदार म्हणाला.

त्या 'होता'नं काका घरी येईपर्यंत पाठ सोडली नाही.

संध्याकाळी धाकटी आली. काकांनी तिला सगळं सांगितलं. न्यायाधीशांसकट.  तिनं कॅमेरा घेतला, चादरीचा फोटो पडद्यावर आणला, आणि बटण दाबत दाबत तो मोठा करत ती वरच्या उजव्या कोपऱ्यात गेली. तिथंच थांबली.

"ठिपका नाही," ती म्हणाली.

"कसला ठिपका?"

"ह्यांच्या प्रत्येक फोटोत या कोपऱ्यात एक लाल ठिपका असायचा. सुईच्या टोकाएवढा. सेन्सरचाच दोष होता तो. मी किती वेळा म्हटलं, दुरुस्त करून घ्या. ह्यांचं एकच, राहू दे, माझी सही आहे ती." ती कॅमेरा मांडीवर ठेवून बसली. "बगळा असो, घार असो, वर कोपऱ्यात हे असायचेच."

काकांच्या डोक्यात उजेड पडला. म्हणजे आत बसला होता तो दुसऱ्या कॅमेऱ्याचा सेन्सर होता. म्हणजेच गुरुवारी दुपारी, रिकामा ट्रे मिरवण्याआधी, त्यांनी खरोखरच जुनाच सेन्सर परत बसवला होता. आणि स्वतःची चूक सुधारण्याच्या नादात तो नंतर बाहेर काढला होता! पण याचं हसू त्यांना तेव्हा आलं नाही. भावाची सही काढून टेबलावर टाकलीय, एवढंच त्यांना दिसत होतं.

"उद्या परत बसवतो," ते म्हणाले. आवाज पहिल्या दिवशीसारखा नव्हता.

"मी येते मदतीला," धाकटी म्हणाली.

शनिवारी दुपारी दोघं मागच्या खोलीत बसली. काका स्क्रू काढत होते, धाकटी एकेक करून खणांत ठेवत होती.  मग काका खाली बघतच म्हणाले, "मला वाटलं, तो नाही, तर त्याचं एवढं तरी काम आपण करावं. तो असताना त्याची एक वस्तू कधी दुरुस्त करून दिली नाही मी. तो मागायचाच नाही."

"दादा, हलू नका."

"काय झालं?"

"हलू नका म्हणते ना!" तिनं हात पुढे करून काकांच्या चष्म्याच्या काडीवरून काहीतरी अलगद सोडवलं. मेणाच्या एका कणात रुतून बसलेली, कागदाहून पातळ चकती. तीन दिवस काका ती डोळ्यांपाशी घेऊन सगळ्या घरात शोधत हिंडत होते!

धाकटी हसायला लागली. हसता हसता तिला रडू यायला लागलं, आणि मग दोन्ही एकदम. काकांनी तिच्याकडे हातातलं होतं ते कापड दिलं. त्याला प्लास्टर लागलेलं होतं, त्यामुळे तिचं नाक पांढरं झालं, पण ते सांगायची ती वेळ नव्हती.

चार वाजता एकविसावा स्क्रू आवळला. धाकटीनं खिडकीतून आभाळाचा फोटो काढला, कोपऱ्यात गेली, आणि पडद्यावर बोट ठेवलं.

"आहेत," ती म्हणाली.

रविवारी सकाळी गाडी खाली येऊन उभी होती. सगळे गच्चीवर जमले. मध्ये खुर्चीत आई, दोन्ही बाजूंना काकू आणि धाकटी. कॅमेरा पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर ठेवलेला. काकांनी तो दहा सेकंदांवर लावला. "मी पळत येतो. कोणी हलायचं नाही!" ते म्हणाले, आणि बटण दाबून निघाले.

सात पावलं होती. सहाव्या पावलाला कपडे वाळत घालायची दोरी त्यांच्या छातीशी आली. ती त्यांनी पाहिली, ती चुकवायला ते वाकले, आणि वाकलेल्या माणसाचे पाय कुंडीत अडकले.

कॅमेऱ्यानं टक केलं.

"आणखी एक घेऊ!" काका जमिनीवरून ओरडले.

पण कॅमेऱ्याचा पडदा काळा झाला होता. बारा वर्षांच्या बॅटरीनं तेवढ्यातच प्राण सोडला होता, आणि चार्जर सामानाबरोबर दोन दिवस आधीच लेकीच्या घरी गेला होता. खालून गाडीचा हॉर्न वाजला. धाकटीनं आईंच्या पायांना हात लावला, काकूंना मिठी मारली, काकांच्या कोपराला लागलेली माती झटकली, आणि कॅमेरा छातीशी धरून जिना उतरली.

पंधरा दिवसांनी पाकीट आलं. आत फोटो होता. आई खुर्चीत मागे रेलून, तोंडात दात नसताना, मनमोकळं हसत होत्या. भाऊ गेल्यापासून त्यांना तसं कोणी पाहिलं नव्हतं. काकू तोंडावर हात ठेवून, धाकटी पोट धरून हसत होती. तिघी एकाच दिशेला बघत होत्या. वर उजव्या कोपऱ्यात सुईच्या टोकाएवढा लाल ठिपका होता.

काकांनी फोटो बराच वेळ न्याहाळला. मग काकूंना विचारलं, "यात मी कुठे आहे?"

"हे काय." काकूंनी डाव्या कडेला, हवेत उडालेल्या एका वस्तूवर बोट ठेवलं. "ती चप्पल."

काकांनी दातांच्या कामाचं भिंग आणलं, डोळा बारीक केला, आणि नीट पाहून झाल्यावर मान डोलावली.

"पण शार्प आलीय!" ते म्हणाले.