सासऱ्यांच्या गाडीतलं लोखंड

गाडी चकाचक करायला माणसाला दोनच गोष्टी लागतात : दोन हात आणि थोडी अक्कल. दोन्ही माझ्याकडे भरपूर आहेत, असं त्या शनिवारी सकाळी मी बायकोला ठणकावून सांगितलं. हातांबद्दल तिची काही हरकत नव्हती.

गाडी आमची नव्हती, सासऱ्यांची होती. पांढरीशुभ्र! सासरे पस्तीस वर्षं कारखान्यात फोरमन होते. निवृत्त झाल्यावर तिथल्या यंत्रांवरचं सगळं प्रेम त्यांनी या गाडीवर ओतलं. लग्नाला बारा वर्षं झाली, पण त्यांनी माझ्या हातात कधी साधा पाना दिला नव्हता. एकदा मी आपणहून त्यांचा पंखा दुरुस्त केला होता. तेव्हापासून तो छताला वारा घालतो.

आणि असे हे सासरे सासूबाईंना घेऊन आठ दिवस गावाला जाताना गाडीची किल्ली चक्क माझ्या तळहातावर ठेवून गेले! माझा तर ऊर भरून आला.

मी छापखान्यात प्रुफं तपासतो. आठ दिवस असा काही रुबाबात गाडीने कामावर गेलो, की मालकांनी उठून नमस्कार करायचा तेवढा बाकी होता. गाडी लावायचो शेजारच्या वर्कशॉपच्या भिंतीलगत. सावली छान! तिथे खिडक्यांच्या जाळ्या बनतात, दिवसभर ग्राइंडर चालतो, ठिणग्यांची नुसती कारंजी उडत असतात. शुक्रवारी संध्याकाळी पाहतो तर काय, गोवर उठावा तसे गाडीच्या अंगभर नारिंगी ठिपके! हात फिरवला, तर थेट सँडपेपर! पुसलं, घासलं, रुमालाला थुंकी लावून पाहिली. ढिम्म!

गाड्या चमकवणाऱ्या एका दुकानात धावलो. तिथल्या कारागिराने बॉनेटवरून बोट फिरवलं आणि डॉक्टरसारखा चेहरा केला.

"लोखंडाचा कीस आहे, साहेब. गरम गरम उडून रंगात रुतलाय आणि आता गंजतोय. घासलात तर ओरखडे पडतील. औषध मारून विरघळवावा लागेल. सोमवारी आणा."

सोमवारी! सासरे शनिवारी चारला गाडी न्यायला येणार होते!

"औषध मला द्या. मी करतो."

त्याने माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. "एकेक भाग करा हं साहेब. बॉनेट मारलं की धुवा, मग दार मारा, धुवा. अंगावर वाळू देऊ नका. वाळलं तर डाग बसतील, ते जन्मात जायचे नाहीत."

"हो, हो," मी म्हणालो. माणूस घाईत असला की 'हो, हो' म्हणजे 'ऐकलं नाही'.

शनिवारी दीड वाजता बिल्डिंगच्या आवारात मी शर्ट काढून, बनियनवर, कामाला लागलो. एकेक भाग कसला करताय! बॉनेट, दारं, छप्पर, डिकी... संपूर्ण बाटली एका दमात मारून मोकळा झालो.

दोन मिनिटं काहीच झालं नाही. आणि मग प्रत्येक ठिपक्यातून जांभळट लाल रंग पाझरू लागला! बघता बघता ओघळ झाले, ओघळांचे पाट झाले. गाडी भळाभळा वाहू लागली. मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

पण पाठोपाठ वास आला. नासक्या अंड्यांचं आख्खं गोदाम कोणी उघडावं, तसा वास! तिसऱ्या मजल्यावरून बायकोने नाक दाबून विचारलं, "अहो, काय मेलंय तिथे?"

"काही नाही! आता पाण्याने धुतलं की झालं!"

नळ सोडला. नळीने एक ढेकर दिली, चमचाभर पाणी टाकलं आणि मान टाकली.

तेव्हा मला जिन्यापाशी लावलेली नोटीस आठवली. शनिवारी एक ते पाच टाकीची सफाई. नोटीस मी पाहिली होती. पाहिली काय, त्यातला 'पाणीपूरवठा' लाल पेनाने दुरुस्तसुद्धा केला होता! मजकुराकडे लक्ष द्यायची मला सवय नाही.

गाडीवर ऊन आलं होतं. कडेकडेने औषध वाळायला लागलं. मी बनियन काढून त्यानेच पुसायला लागलो, आणि तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त नर्स, ज्यांना सगळे सिस्टर म्हणतात, त्या गरजल्या, "गॅस! गॅस गळतोय! कॉक बंद करा! सगळे खाली उतरा!"

पाच मिनिटांत आख्खी बिल्डिंग आवारात. पहिल्या मजल्यावरचे मास्तर तर अर्ध्या गालाला साबण घेऊन. आणि सगळ्यांना दिसलं काय? पांढऱ्या गाडीवर लाल ओघळ, आणि उघडाबंब मी, हातात लालभडक बनियन!

सिस्टर पुढे आल्या. "कोणाला उडवलंत?"

"कोणाला नाही हो! हे रक्त नाही, हे लोखंड आहे!"

"रक्तातही लोखंडच असतं," सिस्टर गंभीरपणे म्हणाल्या. चाळीस वर्षं हॉस्पिटलात काढलेल्या बाईंशी कोण वाद घालणार?

सोसायटीचे सेक्रेटरी गाडीभोवती एक चक्कर मारून आले. "डिकीवरही आहे. म्हणजे उडवून वर रिव्हर्ससुद्धा?"

"छपरावरही आहे," मास्तर म्हणाले. "उंच उडाला असेल बिचारा."

"अहो, ऐका तरी! कोणाकडे भरलेलं पाणी असेल तर आणा! चारच्या आत सगळं धुऊन निघालं पाहिजे. कोणाला कळायच्या आत!"

हे वाक्य तोंडातून बाहेर पडल्यावर मला स्वतःलाच माझा संशय आला.

"पाणी कोणी द्यायचं नाही," सेक्रेटरींनी फर्मान सोडलं. "हा पुरावा आहे!"

बायको दोन बाटल्या घेऊन धावत आली, तिलाही त्यांनी अडवलं. "वहिनी, तुम्ही यात पडू नका."

"बारा वर्षांपूर्वीच पडलेय!" बायको म्हणाली आणि एक बाटली बॉनेटवर ओतली. त्याने काय होणार? हत्तीच्या अंगावर तांब्या!

सिस्टरांनी माझा हात हातात घेतला. आवाज एकदम मऊ केला. "घाबरू नका. कुठे झालं ते सांगा. अजून वेळ गेली नसेल."

माझा बांध फुटला. "त्या वर्कशॉपच्या भिंतीपाशी! मला काय माहीत असं होईल म्हणून! रोज तिथेच..."

"रोज?" मास्तरांच्या गालावरचा साबण गळून पडला.

तेवढ्यात फाटकाशी टॅक्सी थांबली. सासरे! अडीच वाजताच! लोकांनी वाट करून दिली, सिस्टर सामोऱ्या गेल्या. "मन घट्ट करा. तुमच्या जावयांच्या हातून माणूस गेलाय."

सासरे शांतपणे गाडीपाशी आले, एका ओघळाला बोट लावलं, नाकाशी नेलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"ग्राइंडरचा कीस," ते म्हणाले. "पाणी कुठाय?"

तो फोरमनचा आवाज होता. सेक्रेटरी सगळ्यात आधी पळाले! पाठोपाठ बादल्या आल्या, कळशा आल्या, फिल्टरचं पाणी आलं, मास्तरांचा दाढीचा मग आला. सासरे बोट दाखवत होते, लोक ओतत होते, मी पुसत होतो. वीस मिनिटांत गाडी पांढरीशुभ्र! एकही डाग नाही! सिस्टरांनी तेवढं वाकून चाकांखाली पाहून घेतलं.

सासऱ्यांनी बॉनेटवरून सावकाश हात फिरवला. काचेसारखं गुळगुळीत.

"छान निघालीय," ते म्हणाले.

बारा वर्षांत पहिलं 'छान'! माझे डोळे भरून आले. वासानेही असेल.

"चुकलंच माझं, बाबा. तुम्ही एवढ्या विश्वासाने किल्ली दिलीत..."

"छे, छे! उगाच त्रास घेतलात," सासरे म्हणाले. "सोमवारी रंगवायला टाकतोय तिला. तुमच्या सासूबाईंना कधीची निळी हवीय. हा रंग खरवडायचाच होता." मग माझ्या ओल्या खांद्यावर प्रेमाने हात ठेवून म्हणाले, "म्हणून तर तुम्हाला दिली!"

निळा रंग सुरेख दिसतो. मागच्या सीटवरून तर फारच.