वृंदाच्या पलंगावरचा तलाव

तुळशीची शपथ, माझ्या नव्या कवळीची शपथ, यातला शब्द न् शब्द खरा आहे! खोटं वाटत असेल त्याने दिल्लीत सरोजिनी नगरला यावं आणि आमच्या सरकारी क्वार्टरमधल्या कुठल्याही शेजाऱ्याला विचारावं.

माझी नात वृंदा चार वर्षांची झाली आणि माझ्या कुशीतून उठून स्वतःच्या पलंगावर झोपायला निघाली. चारी बाजूंनी कठडा असलेला नवा पलंग, नवी कोरी गादी! पण बाईसाहेब हिरमुसलेल्या.

"आजी, गादी ओली झाली तर? मग मम्मी मला परत तुझ्याजवळ झोपवेल."

"अगं, असं वॉटरप्रूफ कव्हर आणते की यमुनेला पूर आला तरी गादीला कळणार नाही!"

सून म्हणाली, "आई, साइज लिहून देऊ का?"

"मला? सुनीती, चार पोरं वाढवलीत मी!"

मार्केटात दुकानदाराने एवढंसं कव्हर दाखवलं. मी म्हटलं, "भैया, बच्ची क्या इतनीच रहेगी? बड़ा दिखाओ!" मुलांचं काहीही घ्यावं ते वाढत्या अंगाचं. फ्रॉक तसा घेतो, स्वेटर तसा घेतो, मग कव्हरनेच काय घोडं मारलंय? डबल बेडचं घेतलं!

घरी येऊन घातलं तर चहूकडून लोंबायला लागलं. मी कसली ऐकते? चारी कडा वर ओढल्या आणि इलॅस्टिक कठड्यावरून ताणून बसवलं. आतून अस्तर लावल्यासारखं फिट्ट!

आता परीक्षा. कूलर भरायचा पाइप खोलीत होताच. तो पलंगावर सोडला. म्हटलं, वाटीभर पडू दे. तेवढ्यात बेल वाजली. वरच्या मजल्यावरच्या चड्ढा आंटी! दारातच पाच मिनिटं बोललो असू.

मग जिना दणाणला.

"पानी किसने खींचा? टंकी खाली!"

गच्चीवरची टाकी सगळ्या बिल्डिंगची, त्यात मे महिना! सगळे रिकाम्या बादल्या घेऊन भांडायला आले, पाइपच्या मागे मागे खोलीत घुसले आणि बादल्या खाली ठेवून बघायलाच लागले.

पलंगावर तलाव होता! कठड्यापर्यंत काठोकाठ, संथ, निळा. त्यात वरचा पंखा फिरताना दिसत होता. बाहेर एक थेंब नाही! खिडकीत एक बगळा येऊन बसला आणि मान वाकडी करून मासे शोधायला लागला. चड्ढा आंटींनी तर हातच जोडले. "माताजी, यह तो चमत्कार है!"

दिल्लीत मे महिन्यात पाणी ओतून द्यायची कुणाची छाती आहे? माझा मुलगा गुणवंत पडला मंत्रालयातला माणूस. त्याने ताबडतोब रांग लावली. "धक्का नहीं! पहले ग्राउंड फ्लोर, फिर फर्स्ट!" बादल्या भरल्या, कूलर भरले, एकाने तर स्कूटर धुतली.

वृंदा माझा पदर धरून उभी. "आजी, माझी गादी?"

तळ दिसायला लागला. एवढी बढाई मारलेली, आता पोरीला काय तोंड दाखवू? देवाचं नाव घेऊन कव्हर उचललं, गादीवर हात फिरवला.

कोरडी! उन्हातल्या पापडासारखी कोरडी!

वृंदाचे डोळे बशीएवढे झाले. "आजी, एवढं सगळं पाणी अडवलं त्याने! माझी शू तर थोडीशीच असते!"

त्या रात्री ती एकटी झोपली, बिल्कुल न घाबरता. आणि सकाळी ओरडतच आली, "पप्पा, चलो, बघा! मी मुद्दाम केली! आत गेलीच नाही!" एवढ्यावर थांबली नाही, चड्ढा आंटींनाही हाताला धरून दाखवायला आणलं.

आता शपथ घेतलीय म्हणून सांगते. तलाव खरा, बगळाही खरा. फक्त ते दारात पाच मिनिटं बोललो म्हटलं ना, ते जरा रचलं. पाऊण तास झाला होता. आणि विषय होता, आजकालच्या सुना पाणी किती वाया घालवतात!