दर्याबाईंच्या नाडीची हकीकत

जो देव उरी वसतो आणि दिवसरात्र ठोके देतो, त्यास दंडवत घालून लेखनास आरंभ केला. शके सोळाशें बासष्ट, रौद्रनाम संवत्सर, ते समयी एक राज्य होते. नाव पुसू नये, पुसणाराचेही कल्याण असो. त्या राज्याच्या सरहद्दीवर एक गड होता, आणि त्याचे किल्लेदार निवर्तले, आणि मागे त्यांचे कुटुंब दर्याबाई यांनी तो गड लेकरासारखा सांभाळिला. मग दरबारी मंडळींच्या पोटात दुखू लागले. म्हणो लागले की, बाईमाणूस, काळीज हरणीचे, तोफ वाजली तर पळत सुटेल; किल्लेदारी सरदार हैबतराव यांस द्यावी. बाईंस तर तो गड हेच सासर आणि हेच माहेर. तो गेला तर जावे कोठे, ऐसा प्रसंग प्राप्त जाहला. महाराज बहुत भिडस्त, कोणाचे मन मोडवेना, म्हणोन आज्ञा केली की, शिरस्त्याप्रमाणे दोघांची नाडी पाहावी.

शिरस्ता ऐसा की, उमेदवारांस सदरेवर बसवावे, राजवैद्य धुंडिभट यांनी मनगट धरावे, आणि अवचित पाठीमागे तोफेचा बार काढावा, आणि म्हाताऱ्या रायाजी जासुदाने कोटास खराच फेरा घालून धापा टाकीत यावे आणि गनीम आला म्हणोन बोंब ठोकावी. हे सोंग दरबारास ठाऊक, उमेदवारांस मात्र खबर नसे. ज्याची नाडी हलली नाही त्यास गड, ऐसी पूर्वापार चाल. मग धुंडिभटांनी एका हाती हैबतराव आणि दुसऱ्या हाती बाई धरिल्या, आणि बार जाहला, आणि रायाजी ओरडत आला. हैबतरावांची नाडी जैसी होती तैसीच; मंडळी वाहवा करो लागली. बाईंची नाडी मात्र टणाटण उडो लागली. धुंडिभट मनी हळहळले, कारण बाईंच्या हातच्या मेथीच्या लाडवांवर त्यांचा फार जीव.

बाईंनी काही लपविले नाही. बोलिल्या, "भटजी, काळीज उडते आहे, हात गार पडले. उडू दे, बिचारे त्याचे काम करिते." ऐसे म्हणोन श्वास सोडिला, आणि नाडी जैसी चढली तैसीच उतरो लागली. मग हुकूम दिला, "दरवाजे लावा, पाण्याच्या टाक्यावर पहारा बसवा. आणि आधी रायाजीस पाणी द्या, ऊर फुटेल म्हाताऱ्याचा." आणि कोणी उठेना तेव्हा स्वहस्ते तांब्या दिला. रायाजीने आजवर कितीएक उमेदवारांपुढे बोंब ठोकिली, परंतु पाणी कोणी पुसिले नव्हते. तो घटाघटा प्याला आणि ओक्साबोक्शी रडो लागला. "आईसाहेब, गनीम नाही, काही नाही, सोंग आहे सगळे. माझ्याच्याने आता होत नाही."

महाराजांनी हैबतरावांस पुसिले, "आपण काय हुकूम दिला असता?" राव दचकले. "कशाचा? मी आपला पुरणपोळीचा विचार करीत होतो. बार जाहला तो पंगतीचाच ना?" तेव्हा धुंडिभट बोलिले, "महाराज, रावांची नाडी शांत खरी, कारण स्वारी येथे नव्हतीच. बाई येथे होत्या म्हणोन त्यांची उडाली, आणि येथेच राहिल्या म्हणोन लौकर बसली. आजवर आपण उडणे पाहिले, बसणे कोणी पाहिले नाही."

 मग महाराजांनी हळूच आपला हात पुढे केला. धुंडिभटांनी नाडी धरिली आणि घाबरे जाहले; तोफ केव्हाच निवाली, महाराजांची नाडी अद्याप दौडत होती. महाराज बाईंस बोलिले, "गादीवर बसलो तेव्हापासोन ही ऐसीच. कोणास सांगितले नाही. गड तुमचाच आहे. परंतु जाण्यापूर्वी घडीभर आमच्यापाशी बसा." बाई बसल्या.

एवंच, गड बाईंकडे कायम जाहला, तोफेचे सोंग बंद पडले, आणि महाराज वरचेवर त्या गडावर जाऊ लागले. दरबारास कारण हवापालट ऐसे कळविले. लिहिणाराच्या छातीची धडधडही येथवर येता खाली बसली, आता लेखन पुरे.