संदेशवाहकांची चौकशी

संशोधन केंद्राच्या दुसऱ्या मजल्यावरचा फ्रीझर घरघरू लागला, तेव्हा यीस्टबाईंनी नियमाप्रमाणे अर्ज केला. अकरा वर्षं यीस्टच्या पेशींवर काम केल्यामुळे सगळे त्यांना याच नावाने ओळखत. अर्ज दोन ओळींचा होता : 'आमचे संदेशवाहक आरएनए उणे ऐंशी अंशांत ठेवावे लागतात. फ्रीझर दुरुस्त न झाल्यास ते नष्ट होतील.'

आवक विभागातल्या लिपिकाने अर्ज दोनदा वाचला. आरएनए म्हणजे काय हे त्याला ठाऊक नव्हतं. पण संदेशवाहक म्हणजे कोण, हे पक्कं ठाऊक होतं. त्याची स्वतःची नोकरी त्याच पदावरून सुरू झाली होती. इथे तर माणसंच उणे ऐंशीत ठेवली होती! त्याने 'तातडीचे' असा शिक्का मारून अर्ज दुरुस्ती विभागाऐवजी कर्मचारी कल्याण अधिकाऱ्यांकडे पाठवला. त्यामुळे तो अवघ्या पाच आठवड्यांत पोचला.

कल्याण अधिकारी मनाने चांगले होते. ते जातीने वर आले, खुर्ची ओढून बसले आणि जबाब लिहून घेऊ लागले. बाईंनी शांतपणे समजावलं. पेशीच्या केंद्रकात डीएनए हा मूळ दस्तऐवज असतो, तो जागचा हलत नाही. त्यातल्या हव्या त्या भागाची नक्कल म्हणजे संदेशवाहक आरएनए. ती बाहेर पडते, रायबोसोम नावाच्या कारखान्यात वाचली जाते आणि तिच्याबरहुकूम प्रथिनं तयार होतात. सुटे भाग आणून देणारा आरएनए वेगळा, आणि खुद्द कारखानाही बराचसा आरएनएचाच. काम झालं की पेशी ती नक्कल मोडते. तुमच्याही शरीरात, साहेब, अगदी आत्ता हेच चाललंय.

अधिकाऱ्यांचं पेन थांबलं. "मोडते म्हणजे? नोटीस न देता?"

"बऱ्याचदा काही मिनिटांत."

"आणि सही कोणाची?"

"कोणाचीच नाही. तरी काम चालतं."

शेवटचं वाक्य बाईंनी बोलायला नको होतं. अधिकाऱ्यांनी ते दोनदा अधोरेखित केलं.

मग त्यांनी संदेशवाहकांना समक्ष भेटायचा आग्रह धरला. बाईंनी विनवलं, की उघड्या बोटांवरच्या घामातसुद्धा आरएनए तोडणारी द्रव्यं असतात. साहेब म्हणाले, हात धुतलेत. त्यांनी अठ्ठेचाळीस नळ्या एकेक करून उघडल्या, बोटाने चाचपल्या, उजेडात धरल्या. दोन तास पेटी टेबलावर राहिली. उन्हाच्या झळीत यीस्ट एक प्रथिन बनवायचं का थांबवतं, याचं उत्तर त्या नळ्यांत होतं. चार महिन्यांची मेहनत होती. बाईंनी कपाळावर हात मारून घेतला नाही, कारण हातात स्वच्छ हातमोजे होते.

अहवाल आला : 'नळ्यांत केवळ पाणी आढळले. सर्व संदेशवाहक विनापरवानगी गैरहजर.' तरीही माणुसकीच्या दृष्टीने अठ्ठेचाळीस लोकरी स्वेटर मंजूर झाले. भांडार विभागाने मापं विचारली. बाईंनी चिडून खरी मापं कळवली, मिलिमीटरच्या हजाराव्या भागात. भांडाराने तान्ह्या बाळांचे स्वेटर पाठवले आणि याहून लहान माप बाजारात नसल्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली. घरी नणंदेला दिवस गेले होते, ती मात्र बेहद्द खूश झाली.

पण अधोरेखित वाक्य साहेबांना झोपू देईना. प्रत्येक जिवंत इसमाकडे बिननोंदणीचे संदेशवाहक राबतात, सहीशिवाय! परिपत्रक निघालं : प्रत्येकाने स्वतःच्या शरीरात कार्यरत संदेशवाहकांची संख्या तक्त्यात भरून द्यावी, तोवर कोणताही अर्ज विचारात घेतला जाणार नाही.

पहिल्या दिवशी सगळे हसले. दुसऱ्या दिवशी शेजारच्याने किती लिहिले, याची चौकशी सुरू झाली. तिसऱ्या दिवशी रांग लागली. बाईंनी 'मोजता येत नाहीत' असं लिहिलं; तक्ता हरकतीसह परत आला. मग त्यांनी डोळे मिटून 'सात' लिहिलं. त्याच दुपारी मेकॅनिक आला, एक सैल स्क्रू पिळून गेला आणि फ्रीझर गप्प झाला. चंबूतलं यीस्ट जिवंत होतंच. बाईंनी नवे हातमोजे चढवले आणि गुणगुणत पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

परिपत्रक आता सर्व नागरिकांना लागू झालं आहे. ही गोष्ट वाचेपर्यंत तुमच्या अंगात कोट्यवधी हुकूम बिनसहीचे निघाले, पाळले गेले आणि मोडूनही टाकले गेले. हसताय, हरकत नाही. पण समोरच्या घरातल्यांनी प्रत्येकी बारा लिहून पावतीसुद्धा घेतली आहे, आणि तुमचा तक्ता अजून आलेला नाही.