मास्तरांचा उभा काप

रविवारी सासूबाईंना स्वतःच्या हाताने जेवू घालायचं, असं मास्तरांनी ठरवलं. निर्णय म्हटलं तर एवढासाच. कपडे शिवण्याच्या धंद्यात याहून अवघड निर्णय ते रोज घेत. (एका गिऱ्हाइकाला त्याच्या कमरेचा खरा घेर तोंडावर सांगण्याचाही एकदा घेतला होता. ते गिऱ्हाईक पुन्हा आलं नाही.)

कारण घडलं ते पडद्यामुळे. शिंप्याच्याच घरातला पडदा, पण तो वर्षभर टाचण्यांवर लोंबकळत होता. शेवटी बायकोने मास्तरांचा नाद सोडला आणि ती स्वतःच स्टुलावर चढली. पडदा लागला, पण उतरताना तिचं उजवं मनगट मोडलं. डॉक्टरांनी महिना-दीड महिन्याचं प्लास्टर घातलं, आणि ही बातमी कळल्याबरोबर सासूबाईंनी फोनवरच निकाल देऊन टाकला. रविवारी येते आणि मुलीला माझ्याकडे घेऊन जाते, तिथे तिला निदान वेळेवर जेवण तरी मिळेल, असं त्या म्हणाल्या.

मास्तरांना हे नको होतं. दुकान घराच्या पुढच्याच खोलीत होतं. मशीन जरा जास्त वेळ थांबलं की आतून बायको विचारायची, "काय झालं?" काही झालेलं नसायचंच, दोरा तुटलेला असायचा. पण ते विचारणारं माणूस घरात नसेल तर मशीन चालवावंसंच वाटणार नाही, हे मास्तरांना पक्कं ठाऊक होतं. हे बायकोला सांगायला मात्र त्यांची जीभ रेटेना. त्याऐवजी ते म्हणाले, "जेवण इथेही मिळेल. मी करीन." बायको हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

कोपऱ्यावरचा खाटीक मास्तरांकडूनच पँट शिवून घेत असे. सोपं पण सासूबाईंवर छाप पडेल असं काही हवं म्हटल्यावर त्याने मांसाचे तीन जाड, ताजे तुकडे काढून दिले आणि एखाद्याला वरण लावायला शिकवावं तितक्या सहजपणे स्टेक कसा करायचा ते सांगितलं. तुकडे कोरडे पुसायचे, मीठ लावायचं, जड तवा चांगला तापवायचा, एकेक बाजू लाल होऊ द्यायची, शेवटी लोणी सोडायचं आणि उतरवल्यावर थोडा वेळ हात लावायचा नाही. मास्तर एकेक गोष्ट बोटांवर मोजत होते. "आणि कापताना मात्र," असं म्हणून खाटीक पुढे काही सांगणार, तोच मास्तरांनी हात वर केला. जन्मभर कात्री चालवलेल्या माणसाला कापायचं कसं हे एका खाटकाने शिकवावं, हे त्यांना रुचलं नाही. आता खाटीकही दिवसभर कापतच असतो, पण हे त्यांच्या लक्षात यायला रविवार उजाडावा लागला.

रविवारी त्यांनी बायकोला स्वयंपाकघरात यायला बंदी केली. ती दाराबाहेर खुर्ची टाकून बसली. हात प्लास्टरमध्ये होता, तोंड मोकळं होतं. मास्तरांनी पार्सली आणि थाइम ही विलायती सुगंधी पानं धुतली, पुसली आणि कात्रीने अशी बारीक कातरली की एकही पान दुसऱ्यापेक्षा मोठं राहिलं नाही. लसूण ठेचून ते सगळं मऊ लोण्यात कालवलं. तवा तापला, मांस चरचरलं, धूर झाला, खिडकी उघडली. इथवर सगळं सुरळीत चाललं होतं. मग सवयीने त्यांनी उलथनं घेतलं आणि ते तुकडा इस्त्री फिरवल्यासारखा कडेपासून कडेपर्यंत दाबत चालले.

"अहो, ती पँट नाही," बाहेरून बायकोचा आवाज आला. मास्तरांनी उलथनं खाली ठेवलं.

शेवटी लोण्याचा गोळा तव्यात पडला, फेसाळला, आणि मास्तर तवा कलता करून चमच्या-चमच्याने ते लोणी तुकड्यांवर घालू लागले. असा वास सुटला की त्यांना स्वतःचाच हेवा वाटला. तेवढ्यात सासूबाई आल्या. वास जिन्यापर्यंत गेला असावा, कारण त्यांनी आधी नाक वर केलं, मग खोलीभर नजर फिरवली आणि खरा स्वयंपाकी कुठे लपवलाय म्हणून पडद्यामागेही डोकावून पाहिलं.

आता कापायचं. मास्तरांनी तुकडा लाकडी फळीवर घेतला आणि त्यांना भरून आलं. मांसाचे धागे कसे सरळ, एका दिशेने गेलेले होते. कापड आडवं कापलं की झोल पडतो, उभ्या धाग्याने गेलं की वस्तू जन्मभर नीट राहते, हे त्यांना त्यांच्या वडिलांनी कान पिळून शिकवलं होतं. त्यांनी धाग्याधाग्याने लांब, देखण्या पट्ट्या काढल्या आणि एका तुकड्याच्या पट्ट्या तिन्ही ताटल्यांत मांडल्या. इतकी सरळ कड त्यांना सुटातसुद्धा क्वचितच साधली होती.

"तर मी काय म्हणत होते," सासूबाईंनी विषयाला हात घातला आणि पट्टी तोंडात टाकली. पुढचं वाक्य आलं नाही. त्या चावत राहिल्या. चव बघून सासूबाईंची वाचा बसली, असा मास्तरांचा समज झाला, आणि तो त्यांनी स्वतः पहिला घास घेईपर्यंत टिकला. चव खरंच उत्तम होती. पण घास काही केल्या तुटेना. सासू आणि जावई समोरासमोर बसून, एकमेकांकडे न बघता, गुपचूप रवंथ करत राहिले.

बायकोने डाव्या हाताने काटा धरून पट्टी उचलली, उजेडात धरली आणि तिला हसू फुटलं. "अहो, हे उभ्या धाग्याने कापलंत तुम्ही."

"मग? आडवं कापतं का कुणी?"

"अंगावर घालायचं असेल तर नाही."

मास्तर मुकाट्याने उठले. उरलेले दोन तुकडे बायकोने सांगितले तसे आडवे, पातळ कापले, आणि प्रत्येक कापाला त्यांच्या जिवाला यातना झाल्या. पण मांस जिभेवर लोण्यासारखं मऊ लागलं. सासूबाईंनी एकदा घेतलं, दोनदा घेतलं, पावाच्या तुकड्याने ताटलीतलं लोणी पुसून घेतलं, आणि म्हणाल्या, "चव आहे हो मास्तरांच्या हाताला."

जावयाला त्या 'मास्तर' म्हणत, तेही अशा परक्या सुरात की गिऱ्हाइकांनाही तसं जमत नसे. मास्तरांनी शिवलेला कोट त्या एकदा दुसऱ्या शिंप्याकडून दुरुस्त करून घेऊन आल्या होत्या. त्यांच्या तोंडून कौतुक ऐकायला मास्तरांनी उभा संसार वाट पाहिली होती. त्यांची छाती फुगली.

"माझा जीव हलका झाला," सासूबाई पुढे म्हणाल्या. "हिला नेलं तर मागे तुमचे हाल होतील, एवढीच मला काळजी होती. आता ती मिटली. एकटे राहाल की मजेत."

बायको प्लास्टरकडे बघत होती. "राहाल ना?" तिने हळूच विचारलं.

मास्तरांनी एकदा सासूबाईंकडे, एकदा बायकोकडे पाहिलं. इतक्या वर्षांनी मिळालेलं कौतुक अजून गरम होतं. 'हो' म्हटलं तर ते कायमचं त्यांचं होणार होतं. त्यांनी काटा खाली ठेवला.

"नाही राहता येणार," ते म्हणाले. त्यांचे कान लाल झाले. "लोणी चुकून चांगलं झालं. मांस हिने सांगितलं तेव्हा कुठे खाण्यासारखं झालं. ही घरात नसली की मला काही सुचत नाही, आई. मला काही येत नाही."

"हे मी लग्नातच सांगितलं होतं," सासूबाई म्हणाल्या.

बायकोने डोळे पुसले, तेही चुकून प्लास्टरच्या हाताने, आणि आपण इथेच राहणार असं आईला सांगून टाकलं. मास्तरांना इतका आनंद झाला की सासूबाई निघताना ते त्यांना सोडायला जिन्यापर्यंत गेले.

"एकट्याने राहता येत नाही, हे तुम्ही स्वतःच कबूल केलंत," सासूबाई म्हणाल्या. "आणि हिचा तर एकच हात चालतोय. मला रोज संध्याकाळी येऊन बघावंच लागेल."

"या ना, कधीही या," मास्तर म्हणाले. (असं म्हणायची पद्धत असते.)

"कधीही कशाला? जेवायच्या वेळेलाच येते," सासूबाई एक पायरी उतरून थांबल्या. "आणि मास्तर, उद्यापासून चार तुकडे आणत जा. एक मी डब्यात घेऊन जाईन."