ओबोमासेच्या चर्चची आदर्श अभ्यागत

कोणत्याही ऐतिहासिक चर्चला खरा धोका वाळवीचा नसतो, भाविकांचा असतो. वाळवी निदान गात तरी नाही.

घानातल्या ओबोमासे गावच्या मातीच्या चर्चबाबत वारसा खात्याने हे शास्त्रशुद्ध सिद्ध केलं. एकशेतीस वर्षं गावकऱ्यांनी त्या इमारतीचा प्रार्थनेसाठी सर्रास गैरवापर केला होता. एक माणूस एका उपासनेत सरासरी दोन कप घाम गाळतो (टाळ्या वाजवल्यास तीन), आणि जुन्या गिलाव्याला ओल सोसत नाही. सबब चर्च संरक्षित झालं, दाराला दोर लागला आणि रविवारची उपासना समोरच्या आंब्याखाली गेली. आंबा अद्याप ऐतिहासिक झालेला नाही.

क्वाकू अंपोन्सेमला हे सगळं पटलंही असतं, पण त्याची आई, अकोसुआ दोकुआ, वारली. तिने पन्नास वर्षं ते चर्च झाडलं होतं. "मला तिथूनच न्या रे," एवढंच तिचं शेवटचं मागणं. क्वाकूने रीतीप्रमाणे आईला शवागारात ठेवलं, अंत्यविधीसाठी घराला नवा रंग दिला आणि परवानगीचा अर्ज केला. रंग वाळून उडायला लागला, तरी अर्ज जागचा हलेना.

चौथ्या महिन्यात तो खात्याच्या बेदियाको साहेबांसमोर जाऊन उभा राहिला.

"साहेब, आई आहे हो माझी. किती दिवस बर्फात ठेवू तिला?"

"अंत्यविधी होणार नाही. रडण्याने ओल येते. आत फक्त अभ्यागतांना प्रवेश."

"मग अभ्यागतांचे नियम तरी सांगा."

साहेबांनी वाचून दाखवले : "बोलू नये. गाऊ नये. भिंतीला हात लावू नये. घाम येऊ देऊ नये. श्वास शक्यतो टाळावा."

"आई बसते की या सगळ्यात!"

साहेबांनी नियमावली दोनदा चाळली. माणूस प्रामाणिक होता. "बसतात खऱ्या," ते म्हणाले. "पण तुम्ही नाही बसत."

शनिवारी खात्याच्या चार कर्मचाऱ्यांनी हातमोजे घालून (आणि श्वास रोखून) पेटी आत नेली. शोकाच्या लाल-काळ्या कपड्यांतलं सगळं गाव दोराबाहेर. आंब्याखाली आईचं आवडतं भजन सुरू झालं, तर साहेबांनी आवाज कमी करायला लावला. क्वाकूला रडू आवरेना.

"मावशी, ऐकू गेलं असेल का गं तिला?"

मावशी दारातून आत डोकावत होती. "अरे, केवढी धूळ साचलीय आत! ताईला चैन नाही पडायचं. बघ, उठून झाडायलाच लागेल."

वीस मिनिटांनी पेटी बाहेर आली. खात्याच्या वार्षिक अहवालात नोंद आहे : अभ्यागत, एक. तक्रारी, शून्य. वर्तन, आदर्श.

हे वाचून तुम्हालाही ते चर्च एकदा पाहावंसं वाटलं असेल. अर्ज जरूर करून ठेवा. सध्या तुम्ही श्वास घेता, एवढीच काय ती अडचण. पण खात्याला घाई नाही.