पगडीला जागा हवी

आमचे आनंदकाका सुर्वे गाडी बघायला जातात तेव्हा सोबत पगडी नेतात.

पगडी म्हणजे शिंदेशाही. पुढे चोच, दोन्ही बाजूंना ऐसपैस पसारा, रंग किरमिजी. लग्नकार्याखेरीज जिला कुणी हात लावत नाही अशी. ती एका गोल पत्र्याच्या डब्यात असते. शोरूममध्ये शिरलं की काका डबा सेल्समनच्या टेबलावर ठेवतात, झाकण उघडतात, पगडी डोक्यावर चढवतात आणि पसंत पडलेल्या गाडीत मागच्या सीटवर, डाव्या बाजूला जाऊन बसतात. ताठ बसतात. पगडी सरकत सरकत कानांवर येऊन थांबते. मग डोळे मिटून म्हणतात, "हं मीनू, चालव."

मीनू म्हणजे मी. ग्वाल्हेरच्या दर्पण कॉलनीत काकांच्या समोरच्या घरात राहते, शाळेत भूगोल शिकवते, आणि विनातक्रार गाडी चालवते अशी गल्लीत माझी ख्याती आहे. विनातक्रार हा काकांचा शब्द. तक्रारी मी पुष्कळ करते, ऐकतं कोण?

काकांना गाडी चालवता येत नाही असं मुळीच नाही. वीज मंडळाची जीप त्यांनी सगळ्या चंबळ खोऱ्यात हाकली आहे. पण त्यांचं म्हणणं असं की, "गाडी चालवायची चीज नाहीच भई, बसायची चीज आहे. पहिले बसून बघू." आणि स्वतः मागे बसायचं तर पुढे कुणीतरी हवं. सेल्समनच्या हाती जीव द्यायला ते तयार नसतात. म्हणून रविवार आला की सकाळी माझ्या फाटकाशी डबा वाजतो. "मीनू, चल, बसून येऊ."

मी एकदा म्हटलं, "काका, आज माझे पेपर तपासायचे आहेत."

"अगं, आण ना. मी मागे बसल्या बसल्या बेरीज करून देईन."

आता या माणसाशी काय भांडायचं?

पहिल्या शोरूममधला मुलगा मला अजून आठवतो. गळ्यात टाय, तोंडात साखर. त्यानं मायलेज सांगितलं, एअरबॅगा सांगितल्या, पुढचा टीव्हीएवढा पडदा लावून दाखवला. काका सगळं शांतपणे ऐकून घेत होते. मग म्हणाले, "वो सब ठीक है बेटा. छत दिखाओ."

मुलानं मान वर करून शोरूमचं छत बघितलं.

"अरे, गाड़ी की!"

दुसऱ्या ठिकाणी तर कहर झाला. नवी कोरी सेडान, चकचकीत, मागून छप्पर घसरगुंडीसारखं उतरतं ना, तसली. काका आत शिरले आणि पगडीची चोच छताला टेकली. सेल्समन हुशार. पटकन म्हणाला, "सर, नो टेन्शन! सनरूफ खोल देंगे, पगड़ी बाहर!"

काका संतापून बाहेर आले. "दादा काय मिरवणुकीतली मूर्ती आहे?" डब्याचं झाकण लावायला त्यांना त्या दिवशी फार वेळ लागला.

सगळे सांगायचे, काका, आता सेडान कोण घेतं? उंच गाडी घ्या, जीपसारखी, छताचा प्रश्नच मिटला. तशीही एक बघितली. काकांनी पायरीवर पाय ठेवला आणि तिथूनच परत घेतला. "ही चढायची गाडी आहे. बसायची नाही. गुडघ्यानं काय करायचं?"

आता गंमत बघा. काकांचे गुडघे ठणठणीत. सत्तरीचा माणूस रोज सकाळी किल्ल्याचा चढ चढून येतो आणि वर आम्हाला चहा पीत बसलेलं बघून नाक मुरडतो.

गुडघा कुणाचा, हे मात्र साऱ्या कॉलनीला ठाऊक होतं. काकांचे थोरले भाऊ, माधवराव. आमच्या तोंडीही ते दादाच. शिंदे की छावनीतल्या जुन्या घरात मुलाकडे राहतात. उंच, धिप्पाड, उजवा गुडघा वाकत नाही, आणि स्वभाव त्या गुडघ्यासारखाच. दोघा भावांचं बोलणं बंद होतं, तेही गाडीवरून.

ती हकिकत मला शालिनीकाकूंनी, म्हणजे काकांच्या बायकोनं, शेंगा सोलता सोलता सांगितली. तेव्हा काकांकडे एक छोटी लाल गाडी होती. नात्यातलं लग्न मुरारला होतं. दादांना आणायला काका छावणीत गेले. दादा घरातले वडीलधारे, ते ड्रायव्हरशेजारी बसायचे नाहीत, त्यांची जागा नेहमी मागे, डावीकडे. अंगात शेरवानी, डोक्यावर हीच पगडी. आत कसेबसे गेले. पण मांडवापाशी उतरायची वेळ आली आणि अडकले. गुडघा पुढच्या सीटखाली, पगडी छताला, आणि मधले दादा ना इकडे ना तिकडे. बाहेर वरात उभी. दोघांनी बगलेत हात घालून ओढलं. दादा निघाले, पण पगडी राहिली आत, आणि दादा व्याह्यांच्या पायाशी जाऊन बसले. बँडवाल्यांनीसुद्धा वाजवायचं थांबवून बघितलं.

"आणि मीनू," काकू म्हणाल्या, "हे हसले गं."

काकांचं हसू ज्यानं ऐकलंय त्याला यातली गोम कळेल. ते पोटातून सुरू होतं आणि एकदा सुटलं की ब्रेक नाही. दादांनी धूळ झटकली, भावाकडे बघितलं, म्हणाले, "तुझ्या गाडीत पुन्हा पाय ठेवणार नाही. आणि ती पगडी ठेव तुझ्याकडेच." टेंपोत बसून घरी गेले. त्यानंतर ते कुठल्याच लग्नाला गेलेले नाहीत.

"मग काकांनी माफी नाही मागितली?"

"गेले होते ना दुसऱ्या दिवशी! दारात दादांचा चेहरा बघितला आणि यांना पुन्हा हसू फुटलं." काकूंनी शेंग ताटात आपटली. "देवानं हा माणूस घडवला तेव्हा तोच हसत असणार."

लाल गाडी त्याच आठवड्यात विकली गेली. तेव्हापासून हे पगडीचं फिरणं. आणि आता तर काकांच्या धाकट्या मुलीचं, मृणालचं लग्न ठरलं होतं. सीमांतपूजनाला थोरला काका नाही, म्हणजे लोक काय म्हणतील हा प्रश्न काकूंचा. काकांना प्रश्न वेगळा पडला होता. एकदा परतताना ते मागून म्हणाले, "मीनू, मृणालच्या बारशाला तिच्या कानात नाव दादानं सांगितलं होतं. आत्या अडून बसली होती, तरी. आता तो आला नाही तर मी कुणाच्या तोंडाकडे बघून कन्यादान करू?" मी आरशात बघितलं. पगडी कानांवर आलेली, डोळे मिटलेले. मी उगाच हॉर्न वाजवला.

काकूंना गाडी नवीच हवी होती. "लोकांच्या बुडाखालची जुनी गाडी मला नको. लग्न दारात आलंय आणि हे अजून पगडी घालून हिंडतायत!" पण नव्या गाड्यांची छपरं दर वर्षी खालीच येत चालली आहेत, त्याला काका तरी काय करणार? शेवटी आम्ही जुन्या गाड्यांकडे वळलो. एकीत डोकं बसायचं तर पाय नाही, दुसरीत पाय बसायचा तर दार अर्धंच उघडायचं. एकीत सगळं बसलं, पण आत बकरीचा वास होता.

मग मुरारमधल्या एका निवृत्त मेजरसाहेबांची गाडी कळली. जुन्या घाटाची मोठी सेडान, छप्पर सपाट, सीट खाली आणि रुंद, रंग दह्यासारखा. मेजरसाहेबांनी तिला मुलीसारखं झाकून ठेवलं होतं. काकांनी पगडी चढवली. मग एक नवीनच प्रकार केला. उजवा पाय काठीसारखा ताठ ठेवला, आधी पाठमोरे सीटवर टेकले, आणि तसाच पाय न वाकवता हळूच आत ओढून घेतला. गेला! वर हात घालून पगडी आणि छत यांच्यातली जागा मोजली.

"मीनू!" काका ओरडले. "वीत बसते गं! अख्खी वीत! दादाची उंची धरली तरी पुरते!"

"चला के तो देख लीजिए," मेजरसाहेब म्हणाले.

"बैठ लिया, बस," काका म्हणाले, आणि त्यांनी पगडीच्या टोकानं डोळे पुसले. चांगली जरीची पगडी, पण त्या क्षणी कुणाला भान होतं?

दुसऱ्याच रविवारी आम्ही शिंदे की छावनीत. काकांचा शर्ट कडक इस्त्रीचा. हा माणूस कोथिंबीर आणायलासुद्धा इस्त्रीशिवाय बाहेर पडत नाही. गल्ली अरुंद, मी देवाचं नाव घेत गाडी दादांच्या ओट्याला लावली. दादा खुर्चीत पेपर वाचत बसले होते. पेपर खाली आला नाही.

"दादा," काका म्हणाले. हसू येऊ नये म्हणून गालाचा आतला भाग दातांत धरला होता, मला दिसत होतं. "गाडी आणलीय. मृणालच्या लग्नाला तुला न्यायला येईन. बसून तर बघ."

"मी त्या दिवशी सांगितलं ते सांगितलं."

"ही गाडी ती नाही रे."

"गाडी बदललीस," पेपरामागून आवाज आला. "हसणारा तर तोच आहे ना?"

मला वाटलं, संपलं. काका वळले, डब्यातून पगडी काढली, चढवली आणि आपल्या नेहमीच्या जागी, मागे डावीकडे, जाऊन बसले. मी किल्ली फिरवणार, तेवढ्यात मागून ओरडणं ऐकू आलं.

"अरे, अरे! दादा! अडकलो! ओढ रे कुणीतरी!"

मी दचकून मागे बघितलं. काकांनी गुडघा मुद्दाम माझ्या शेजारच्या सीटखाली खुपसला होता, बूड वर उचलून पगडी छताला दाबली होती आणि दोन्ही हात दाराबाहेर काढून हलवत होते. अख्खी वीत जागा असलेल्या गाडीत!

गल्ली लगेच जमली. भाजीवाला आला, समोरचा शिंपी आला, वरच्या खिडक्या उघडल्या. "क्या हुआ अंकलजी?" "अरे, बुढ़ऊ फँस गए!" कुणीतरी मोबाइल काढला. हशा पिकला. इस्त्रीच्या शर्टातले आनंदराव सुर्वे लालबुंद होऊन हात हलवत होते आणि एकदाही हसले नाहीत.

ओट्यावर पेपर खाली ठेवल्याचा आवाज झाला. काठी टेकत दादा उतरले. गर्दीसमोर उभे राहिले आणि असा काही आवाज लावला की मोबाइलवाला मागे सरला.

"हँसते क्या हो? आदमी फँस गया है, दिखता नहीं? चलो, हटो यहाँ से!"

मांडवापाशी त्या दिवशी हे वाक्य कुणीच म्हटलं नव्हतं.

लोक पांगले. दादा दारापाशी वाकले. पुढच्या सीटकडे बघितलं, काकांच्या गुडघ्याकडे बघितलं, छताकडे बघितलं. मग हळूच म्हणाले, "आनंदा, खोटं बोलणं तुला लहानपणापासून जमत नाही."

"दादा, मी त्या दिवशी..." काका म्हणू लागले.

"माझी पगडी दे."

काकांनी ती दोन्ही हातांनी काढून दिली. दादांनी फुंकर मारून धूळ उडवली, डोक्यावर ठेवली. त्यांच्या डोक्यावर ती बरोब्बर बसली, कपाळाच्या वर, जिथे पगडी असायला हवी तिथे.

"सरक पलीकडे."

काका सरकले. दादा पाठमोरे सीटवर टेकले, ताठ पाय आत ओढला, अगदी काकांनी मुरारला करून दाखवला होता तसा. मग सरळ होऊन बसले आणि खट्ट! चोच छताला आपटली.

काकांच्या डोक्यावर ती पगडी नेहमी कानांपर्यंत उतरायची, त्यामुळे दर वेळी छत उंच वाटायचं. इतक्या गाड्या बघितल्या, आणि हे मला किंवा त्यांना एकदाही सुचलं नाही. काकांचा चेहरा असा पडला की बघवेना. "दादा... मी मोजली होती रे. वीत बसत होती."

दादांनी वर बघितलं. मग जन्मात कुणापुढे न वाकवलेली मान थोडी खाली घातली आणि दार ओढून घेतलं.

"बसते," ते म्हणाले. "पोरी, चालव."